पहिला डाग कधी उठला? ड्वेन जॉन्सनची केस, कोर्टाच्या नाही तर कातडीच्या बाजूने

ड्वेन ली जॉन्सनची केस आपल्याकडे बहुतेकांना एका ओळीत माहीत असते, तणनाशकाने कॅन्सर झाला म्हणून अमेरिकेत एकाला 28 कोटी डॉलर मिळाले. या ओळीत दोन गडबडी आहेत. एक तर एवढे पैसे त्याला कधीच मिळाले नाहीत, आणि दुसरं म्हणजे कॅन्सर नेमका कुठला हे कुणी सांगतच नाही. आता तुम्ही म्हणाल कॅन्सर तो कॅन्सर, त्यात काय. पण या केसमध्ये आजार कुठला हे कळल्याशिवाय वकील कशावर भांडत होते, जज कुठे अडकली आणि शेवटी पैसे का कापले गेले यातलं काहीच धड कळत नाही, कारण सगळं भांडण वेळेचं आहे आणि हा आजार वेळेच्या बाबतीत महाचोर आहे.

तर माणूस आधी. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या वरच्या अंगाला बेनिशिया नावाचं गाव आहे, तिथल्या सरकारी शाळांच्या मैदानांची निगा राखायचं काम जॉन्सनला 2012 मध्ये लागलं. पुढे हुद्दा मिळाला इंटिग्रेटेड पेस्ट मॅनेजर, म्हणजे मैदानावरचं तण, उंदीर, घुशी, सगळं याच्याकडे. तणासाठी रेंजर प्रो, म्हणजे राउंडअप या तणनाशकाचाच जास्त कडक, व्यावसायिक वापराचा भाऊ. वर्षाला वीस-तीस वेळा फवारणी, एकेका वेळेला काही तास, शक्यतो सकाळी मुलं शाळेत यायच्या आधी उरकायची. गडी निष्काळजी नव्हता हे महत्त्वाचं आहे. अंगावर पांढरा टायव्हेकचा सूट, गॉगल, हातमोजे, बूट, तोंडाला मास्क, एवढं सगळं घालून तो फवारायचा, तरी वारा फिरला की चेहऱ्यावर तुषार यायचेच. त्यात एकदा ट्रकवरच्या टाकीची होज निसटली आणि तो पार भिजला, आणि पुढे एकदा पाठीवरचा पंप गळून औषध कपड्यांच्या आत पाठीवर झिरपलं. विदर्भात कपाशीवर फवारलेल्या कुणालाही हे दोन्ही प्रसंग समजावून सांगायची गरज नाही, फक्त आपल्याकडे सूटच्या जागी जुना शर्ट असतो आणि मास्कच्या जागी उपरणं.

अंगावर चट्टे दिसायला लागले, बायोप्सी झाली आणि 2014 मध्ये निदान आलं मायकोसिस फंगॉइडिस. वय 42, घरी बायको आणि दोन मुलं.

नावात फंगस असला तरी बुरशीचा इथे काडीचाही संबंध नाही. हा रक्तातल्या टी-लिम्फोसाइट नावाच्या पेशींचा कॅन्सर, म्हणजे लिम्फोमाचाच एक प्रकार, पण तो ठाण मांडतो कातडीत. फ्रान्सच्या आलिबेर नावाच्या डॉक्टरने 1806 मध्ये याचं पहिलं वर्णन केलं तेव्हा त्याने रोग्याच्या अंगावरच्या कुत्र्याच्या छत्रीसारख्या गाठी पाहिल्या होत्या, म्हणजे एकदम शेवटचा टप्पा पाहिला होता. सुरुवात इतकी साधी असते की पेशंटही दुर्लक्ष करतो आणि डॉक्टरही. एखादा फिकट किंवा लालसर चट्टा, वर बारीक कोंडा, कधी खाज कधी तीही नाही, आणि जागा बहुतेक वेळा अशी की जिथे ऊन पोचत नाही, कंबर, नितंब, मांडीचा वरचा भाग, काखेजवळ, स्तनाखाली. एक्झिमा म्हणून मलम दिलं जातं, चट्टा फिका होतो, परत येतो, दुसऱ्या डॉक्टरकडे जातात, तिथे सोरायसिस म्हणतात, आणि असं करत करत काही वर्षं सहज निघून जातात. बायोप्सी केली तरी पहिल्या बायोप्सीत सापडेलच असं नाही. मायक्रोस्कोपखाली दिसतं ते असं की कातडीच्या सगळ्यात वरच्या थराच्या तळाशी लिम्फोसाइट ओळीने येऊन बसलेत, काही ठिकाणी त्या थराच्या आत घुसून त्यांचे छोटे छोटे पुंजके झालेत. पण सुरुवातीला हे इतकं थोडं असतं की अनुभवी पॅथॉलॉजिस्टसुद्धा 'क्लिनिकली कोरिलेट करा', म्हणजे पेशंट बघून तुम्हीच ठरवा, असं लिहून मोकळा होतो. मग पुन्हा बायोप्सी, त्या पेशींवरचे मार्कर बघायचे, टी-सेल रिसेप्टरच्या जीनची टेस्ट करायची की या सगळ्या एकाच पेशीची पिलावळ आहे का.

आणि गंमत म्हणजे, म्हणजे गंमत कसली, पण हा आजार बहुतेकांमध्ये संथ असतो. चट्टे अंगाच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी भागावर असतील तर आयुष्य जवळजवळ इतरांइतकंच. लावायची स्टेरॉइड, नॅरोबँड यूव्हीबीचे म्हणजे अतिनील किरणांचे शेक, यावर लोक वीस-वीस वर्षं काढतात. मग जॉन्सनचं काय झालं? त्याच्या आजारात लार्ज सेल ट्रान्सफॉर्मेशन झालं. बायोप्सीतल्या त्या लिम्फोसाइटपैकी पाव हिश्शाहून जास्त पेशी जेव्हा नेहमीच्या लहान लिम्फोसाइटच्या निदान चौपट मोठ्या झालेल्या दिसतात तेव्हा असं म्हणायचं, आणि तिथून आजाराचा स्वभावच बदलतो, संथ आजार आक्रमक होतो, उपचारांना दाद देईनासा होतो. मुळात मायकोसिस फंगॉइडिस हाच दहा लाखात वर्षाला पाच-सहा जणांना होणारा आजार, त्यातल्या थोड्यांमध्ये हे होतं. शिवाय अमेरिकेतल्या काळ्या लोकांमध्ये हा आजार गोऱ्यांपेक्षा जास्त आढळतो, कमी वयात येतो आणि जास्त वाईट वागतो, हे तिथल्या आकड्यांमध्ये वारंवार दिसलंय, आणि जॉन्सन काळा आहे.

त्याच्या अंगावर हे काय झालं होतं ते कोर्टात फोटोंमधून दाखवलं गेलं. हात, छाती, चेहरा, पापण्या, सगळीकडे चट्टे आणि फुटणाऱ्या गाठी, सगळ्यात वाईट काळात अंगाचा 80 टक्के भाग व्यापलेला असं वकिलांनी सांगितलं. त्याने स्वतः साक्षीत सांगितलं की कपडा अंगाला लागला तरी दुखायचं. हा भाग वाचताना लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे या टप्प्यावर कातडी म्हणून जे कुंपण असतं तेच राहत नाही, जागोजागी भेगा, उघड्या जखमा, आणि पुढे गेलेल्या पेशंटचा जीव बरेचदा कॅन्सरपेक्षा त्या जखमांतून रक्तात गेलेलं इन्फेक्शन घेतं.

इथे थोडं आपल्याकडचं बोलतो कारण ते राहून जातं. सावळ्या कातडीत या आजाराची एक जात जास्त दिसते, ज्यात चट्टा लाल न होता पांढरट होतो. मुलांमध्ये, तरुणांमध्येही दिसते. आता आपल्याकडे अंगावर पांढरट चट्टा म्हटलं की घरचे आधी कोड म्हणतात, सरकारी दवाखान्यात कुष्ठरोगाची शंका घेऊन टाचणी टोचून संवेदना बघतात (ते बरोबरच आहे, बघायलाच पाहिजे), शाळकरी मूल असेल तर जंत किंवा कॅल्शियम कमी म्हणून सोडून देतात. नाहीतर मेडिकलवाल्याकडून गजकर्णाची ती तीन-चार औषधं एकत्र असलेली ट्यूब, जिच्यात स्टेरॉइड असतंच असतं. स्टेरॉइडने हा लिम्फोमा थोडे दिवस दबतो. म्हणजे पेशंट खूश, मेडिकलवाला खूश, आणि पुढे बायोप्सी झालीच तर मलमाने पेशी पांगलेल्या असल्यामुळे पॅथॉलॉजिस्टच्या हाताला काही लागत नाही. ही पांढरी जात सहसा सौम्य असते, यूव्हीबीला छान दाद देते, म्हणून घाबरायचं काही नाही, पण सहा महिने मलम लावून तोच चट्टा त्याच जागी परत येत असेल तर बायोप्सी मागायला लाजू नये आणि बायोप्सीआधी दोन-तीन आठवडे मलम बंद ठेवायचं का हे डॉक्टरला विचारावं.

परत बेनिशियात. निदान झाल्यावर जॉन्सनने जे केलं ते कुणीही करेल, बाटलीवरच्या नंबरला फोन लावला. नोव्हेंबर 2014 मध्ये हे तणनाशक बनवणाऱ्या मॉन्सॅन्टो कंपनीच्या हेल्पलाइनवर त्याने सांगितलं की मी असा असा भिजलो होतो, आता अंगभर चट्टे आहेत, कॅन्सर निघालाय, याचा त्याच्याशी संबंध असू शकतो का. निरोप कंपनीच्या डॉक्टरपर्यंत गेला हे नंतर कागदपत्रांतून निघालं, पण परत फोन आला नाही असं त्याचं म्हणणं. मार्च 2015 मध्ये त्याने पुन्हा फोन केला. त्याच मार्चमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने, आयएआरसीने, ग्लायफोसेटला, म्हणजे या तणनाशकातल्या मुख्य रसायनाला, 2ए गटात टाकलं, म्हणजे माणसात बहुधा कॅन्सरकारक. आणि या सगळ्या काळात तो फवारतच होता, कारण नोकरी होती, घर होतं, आणि बंद कर असं कुणी म्हटलं नव्हतं. मला विचाराल तर ज्युरीवर सगळ्यात जास्त परिणाम या दोन फोनचा झाला असणार, शास्त्रज्ञांच्या साक्षींचा नंतर. अर्थात हा माझा अंदाज.

आता खरी कुस्ती. जानेवारी 2016 मध्ये केस दाखल झाली, सुनावणी 2018 च्या उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या कोर्टात जज सुझान बोलानोस यांच्यासमोर. मॉन्सॅन्टोची बाजू नीट ऐकली तर ती पोकळ नव्हती. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: हा माणूस 2012 च्या मध्यावर फवारायला लागला, 2014 मध्ये निदान झालं, मध्ये जेमतेम दोन वर्षं. कॅन्सर व्हायला वर्षानुवर्षं लागतात. मग याच्या कातडीत तो आजार पहिल्या फवारणीच्या आधीपासूनच मुरत नसेल कशावरून? कंपनीतर्फे डॉ. टिमोथी कुझेल आले होते, ते स्वतः याच लिम्फोमावर उपचार करणारे, म्हणजे भाड्याचा कुणीतरी आणला असं म्हणायची सोय नाही. आणि मी वर जे लिहिलं, की हा आजार निदानाआधी काही वर्षं साध्या चट्ट्याच्या रूपात लपून राहतो, तेच कंपनीचं हत्यार होतं.

जॉन्सनकडून आले डॉ. चाडी नभान. त्यांचं म्हणणं, लिम्फोमा हे घट्ट गाठींच्या कॅन्सरसारखे नसतात, रक्तातल्या पेशींच्या कॅन्सरमध्ये संपर्क आणि आजार यातलं अंतर बरंच कमी असू शकतं, आणि याच्या बाबतीत दुसरी कारणं एकेक करून बाजूला काढली तर उरतं काय? यावर कंपनी म्हणते, उरतं हेच की कारण माहीत नाही, या आजारात बहुतेक पेशंटमध्ये कारण माहीत नसतंच. दोघंही आपापल्या जागी बरोबर बोलत होते हीच अडचण आहे. पहिला डाग कधी उठला हे कुठलीही टेस्ट सांगू शकत नाही. बायोप्सी आजचं सांगते, पेशीच्या अंगावर जन्मतारीख छापलेली नसते.

बरं मोठ्या अभ्यासांकडे वळावं तर तिथेही पंचाईत. अमेरिकेतला अॅग्रिकल्चरल हेल्थ स्टडी, 54 हजारांहून जास्त फवारणी करणारे लोक, त्याचे 2018 चे निष्कर्ष असे की ग्लायफोसेट आणि नॉन-हॉजकिन लिम्फोमा यांचा एकूण संबंध दिसत नाही. अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए म्हणते माणसाला कॅन्सर होण्याची शक्यता नाही, युरोपची अन्नसुरक्षा संस्थाही 2015 मध्ये तसंच म्हणाली. उलट 2019 मध्ये आलेल्या एका मेटा-अॅनालिसिसमध्ये, म्हणजे आधीचे अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षात, सगळ्यात जास्त संपर्क असलेल्यांमध्ये धोका 41 टक्क्यांनी जास्त दिसला. पण गंमत बघा, या सगळ्या अभ्यासांत नॉन-हॉजकिन लिम्फोमा हे एक भलंमोठं पोतं आहे, ज्यात साठेक वेगवेगळे आजार कोंबलेत. त्यात कातडीचा हा टी-सेल प्रकार इतका थोडा की 54 हजार लोकांमध्येसुद्धा त्याच्या केसेस हाताच्या बोटांवर मोजाव्या लागतील. पोत्याबद्दलचं उत्तर या दाण्याला लागू होतं की नाही हे त्या अभ्यासांवरून ना कंपनी सांगू शकते ना जॉन्सनचा वकील. माझं प्रामाणिक मत, ग्लायफोसेटमुळेच त्याला हा आजार झाला हे शास्त्राच्या निकषावर सिद्ध झालेलं नाही. पण दिवाणी कोर्टाला तेवढं लागतच नाही, तिथे 'नसण्यापेक्षा असण्याची शक्यता जास्त' एवढं पुरतं. आणि ज्युरीसमोरचा दुसरा प्रश्न तर वेगळाच होता, की कंपनीला धोक्याची कुणकुण होती का आणि डब्यावर इशारा का नव्हता. वर्तमानपत्रांनी हे दोन प्रश्न एकत्र कालवले आणि 'कोर्टाने सिद्ध केलं' असं छापलं.

10 ऑगस्ट 2018 ला ज्युरीचा निकाल आला, 28 कोटी 92 लाख डॉलर. यात 25 कोटी दंडात्मक, उरलेले 3 कोटी 92 लाख नुकसानभरपाई. जर्मनीच्या बायर कंपनीने दोनच महिने आधी, जूनमध्ये, मॉन्सॅन्टो 63 अब्ज डॉलरला विकत घेतली होती, सोमवारी बाजार उघडला तसा बायरचा शेअर दहा टक्क्यांच्या वर आपटला. ऑक्टोबरमध्ये जज बोलानोस यांनी आधी दंडात्मक रक्कम पूर्ण रद्द करायचा कल दाखवला, त्यावर ज्युरीतल्याच काही जणांनी त्यांना पत्रं लिहिली, मग 22 ऑक्टोबरला त्यांनी दंडात्मक रक्कम भरपाईइतकी केली आणि एकूण 7 कोटी 85 लाखांवर आणलं. जॉन्सनने ते मान्य केलं. कंपनी अपिलात गेली.

आणि अपिलात जे झालं ते मला या केसमधलं सगळ्यात विचित्र वाटतं. भरपाईच्या 3 कोटी 92 लाखांची फोड अशी होती: झालेलं आणि होणारं आर्थिक नुकसान मिळून साधारण साडेबावीस लाख, निकालापर्यंत सोसलेल्या यातनांचे 40 लाख, आणि पुढे सोसाव्या लागणाऱ्या यातनांचे 3 कोटी 30 लाख. हे 3 कोटी 30 लाख कुठून आले, तर वकिलाने ज्युरीला सांगितलं होतं की त्या वयाच्या माणसाचं सरासरी आयुष्य अजून 33 वर्षं, वर्षाला दहा लाख धरा. पण त्याच केसमध्ये त्याच्याच बाजूच्या डॉक्टरांनी साक्ष दिलेली की हा आता फार तर दोनेक वर्षं. 20 जुलै 2020 ला अपील कोर्ट म्हणालं, आजार तणनाशकाने झाला यासाठी पुरावा भरपूर आहे, कंपनीची जबाबदारी कायम, पण कॅलिफोर्नियाच्या कायद्यात पुढच्या यातनांची भरपाई माणूस जेवढा जगणार तेवढ्याच काळाची मिळते, आयुष्य कमी झालं याची वेगळी मिळत नाही. सबब 3 कोटी 30 लाखांचे 40 लाख. भरपाई आली सुमारे 1 कोटी 2 लाखांवर, दंड तेवढाच, एकूण 2 कोटी 5 लाख डॉलर. म्हणजे आजार जितका जास्त आक्रमक तितकी रक्कम कमी. एखाद्याला संथ प्रकारचा मायकोसिस फंगॉइडिस झाला असता, वीस वर्षं शेक घेत जगला असता, तर त्याच कायद्याने त्याला जास्त वर्षांचे पैसे मागता आले असते. यात विनोद काढायला गेलं तर घशात अडकतो. त्यात जॉन्सन डॉक्टरांच्या अंदाजापेक्षा जास्त जगला, हा निकाल आला तेव्हा तो हयात होता, त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने पुढचं अपील ऐकायला नकार दिला तेव्हाही होता.

या केसच्या आधी-मागे हजारो केसेस रांगेत उभ्या होत्या, मग याचीच पहिली का लागली, यालाही उत्तर आजाराच्या घड्याळातच आहे. कॅलिफोर्नियात ज्याच्या बाबतीत सहा महिन्यांपलीकडे जगण्याबद्दलच डॉक्टरांना शंका आहे अशा माणसाला लवकर तारीख मागता येते. ती मागावीच लागायची, कारण तेव्हाच्या कायद्यात माणूस निकालाआधी गेला की त्याने सोसलेल्या वेदनांचा दावा त्याच्याबरोबरच संपायचा, घरच्यांना तो पुढे चालवता यायचा नाही. मरणाच्या दारातल्या माणसाविरुद्ध तारखा वाढवत राहणं हे कुठल्याही कंपनीला मग फायद्याचंच होतं. राज्याच्या विधिमंडळाने 2021 मध्ये हा कायदा बदलला, आणि 1 जानेवारी 2022 पासून, निदान काही वर्षांपुरतं तरी, गेलेल्या माणसाच्या यातनांची भरपाई त्याच्या मागच्यांना मागता येते.